मळी घातली, पण पेंड घातली का?

उन्हाळ्यात हिरवी वैरण आटली की भुशावर मळी, म्हणजे साखर कारखान्यातला उसाचा काळा दाट पाक, शिंपडायची, हा जुना उपाय. गुरं गव्हाण चाटूनपुसून साफ करतात आणि आपल्याला वाटतं, भागलं. पण खाल्लेलं सगळं पचतंच असं नाही.

गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तंतू पचवणारे जिवाणू वेगळे, साखरेवर वाढणारे वेगळे. मळीत निम्म्याच्या आसपास साखर. ती मिळाली की साखरेवरचे झपाट्याने वाढतात आणि प्रथिनांतून सुटणारं पोटातलं नत्र तेच आधी उचलतात. भुशात प्रथिनं मुळात ३-४ टक्के, मग तंतूवाल्यांच्या वाट्याला काय येणार? शिवाय साखर आंबून आम्ल होतं. सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.२ च्या वर असेपर्यंत तंतूंचं पचन नीट चालतं, ६ च्या खाली घसरला की ते फारच मंदावतं.

आता हिशेब करू. एका जनावराला दिवसाला ८ किलो भुसा म्हणजे सुमारे २८० ग्रॅम प्रथिनं, १ किलो मळीतून फार तर ४० ग्रॅम. एकूण ३२०, म्हणजे साडेतीन टक्के. कोठीपोट चालतं राहायला निदान ७ टक्के लागतात. त्यात ४० टक्के प्रथिनांची १ किलो पेंड घाला, आकडा ७ च्या थोडा वर जातो. हा झाला भाकड जनावराचा हिशेब. दुभत्या गाईला दुधाचा खुराक वेगळा द्यायचा.

मळी पहिल्या दिवशी २०० ग्रॅमच द्या. दहा-पंधरा दिवसांत अर्ध्या किलोवर आणा. मोठ्या जनावराला दिवसाला किलोच्या वर माझा तरी सल्ला नाही. दुप्पट-तिप्पट पाण्यात कालवून, दोन-तीन वेळांत विभागून, वैरणीवरच शिंपडा. बादलीत नुसती ठेवली की दांडगी गाय एकटीच फस्त करते. भुसा अगदी बारीक असेल तर थोडी लांब वैरणही द्या. रवंथ झाला तर लाळ सुटते, आणि आम्ल मारायला लाळेसारखं दुसरं काही नाही.

नत्रासाठी पेंडीऐवजी युरिया? चालतो, स्वस्तही पडतो, पण मोजायला तराजू नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एकूण कोरड्या खाद्याच्या १ टक्का ही वरची हद्द. सुरुवात त्याच्या चौथाईने आणि वाढ दोन-तीन आठवड्यांत. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि उपाशी जनावराला अजिबात नको. पाण्यात विरघळलेला युरिया गुरांच्या तोंडी लागला तर तासाभरात जनावर थरथरतं, लाळ गाळतं, फुगतं. पशुवैद्यकाला लगेच बोलवा. एवढी जोखीम नको असेल तर मळी-युरियाची घट्ट चाटणवीट बरी, ती जनावर हळूहळू चाटतं.

जमतंय की नाही हे शेण सांगतं. ओंजळभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. लांब काड्या जशाच्या तशा उरल्या तर तंतू पचत नाहीत: मळी कमी करा, पेंड वाढवा. शेण पातळ, चकचकीत, आंबूस वासाचं असेल तर मळी दोन दिवस बंद.

कालवलेली मळी त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात ती लवकर फसफसते.