कॉन्व्हेंट सोडून नर्सिंगमध्ये यायचंय? मग हे आधी करा

फायनल, म्हणजे आयुष्यभराची व्रतं झालीयेत की नाही, सगळं तिथूनच ठरतं. तात्पुरती व्रतं असतील तर मुदत संपली की सरळ निघता येतं, कोणी अडवू शकत नाही, पण मुदतीच्या मधेच निघायचं असेल तर मदर जनरल, म्हणजे संस्थेची सर्वात वरची प्रमुख, आणि तिच्या सल्लागार कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. फायनल झाली असतील तर तुमचा अर्ज मदर जनरल स्वतःचं मत लिहून वर पाठवते. संस्था रोमच्या अखत्यारीतली असेल तर निर्णय रोमला होतो, डायोसिसची, म्हणजे स्थानिक धर्मप्रांताची असेल तर बिशपही परवानगी देऊ शकतात. आणि मन अजून पक्कं नसेल तर व्रतं न सोडता बाहेर राहायची परवानगी मागा, आधी मदर जनरल ती 3 वर्षांपर्यंत देऊ शकायची, 2022 पासून 5 वर्षांपर्यंत देऊ शकते. मी तर म्हणेन शंका असेल तर हाच रस्ता घ्या, घाईत निघू नका.

मी स्वतः सिस्टर होते, आता वॉर्डात नर्स आहे, आणि कोणी विचारलं की माझं पहिलं उत्तर एकच असतं, कागद! दहावी-बारावीची मार्कलिस्ट, लिव्हिंग, जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, नर्सिंग झालं असेल तर डिप्लोमा आणि नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, हे ओरिजिनल बऱ्याचदा कॉन्व्हेंटच्या ऑफिसच्या कपाटात असतं. निघायच्या आधी मागा, तोंडी नाही, लेखी, आणि पोच घ्या. आधार-पॅनवर सिस्टर म्हणून मिळालेलं नाव आणि मार्कलिस्टवर घरचं नाव असेल तर गॅझेटमध्ये नावबदल करून घ्या किंवा आधार दुरुस्त करा, नाहीतर अॅडमिशनच्या वेळी टेबलाटेबलावर तेच तेच समजावत बसावं लागतं.

पैशाचं आता स्पष्ट सांगते कारण यावर कोणी बोलतच नाही. चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन 702 मध्ये, लिहिलंय की सोडून जाणारी व्यक्ती तिथे केलेल्या कामाचा मोबदला मागू शकत नाही. पण त्याच कॅननच्या दुसऱ्या भागात असंही आहे की संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं. तो दुसरा भाग मोठ्याने वाचून दाखवायला अजिबात लाजू नका, सुरुवातीचे काही महिने राहायला-खायला लागेल एवढी मदत मागा, ती भीक नाही. संस्थेच्या हॉस्पिटलमध्ये काम केलं असेल तर तुमच्या नावाने पीएफ भरला जात होता का ते बघा आणि अनुभवाचं पत्र घ्याच, त्यात पद, तारखा, कुठला वॉर्ड, किती बेडचं हॉस्पिटल, सगळं असू द्या, नुसतं "सेवा केली" लिहून दिलं तर बाहेर त्याला किंमत नाही.

आता शिक्षण. आधीच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या असाल तर फक्त रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा, महाराष्ट्रात दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि केरळ-कर्नाटकात शिकला असाल तर तिकडच्या काउन्सिलकडून एनओसी घेऊन इकडे नाव नोंदवायचं. शून्यापासून करायचं असेल तर एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्सचा कोर्स, 2 वर्षं, जीएनएम 3 वर्षं, बीएस्सी 4 वर्षं, आणि बीएस्सीला बारावी सायन्स बायोलॉजीसकट लागतं. जीएनएमला वयाची अट साधारण 35 ची आहे, त्यामुळे तिशी ओलांडली असेल तर "बघू पुढच्या वर्षी" करू नका. कॉलेज इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या यादीत आहे की नाही ते फी भरायच्या आधी बघा.

बेल्जियमची मारी-लुईझ हाबेट्स 1926 ला कॉन्व्हेंटमध्ये गेली, काँगोत मिशनची नर्स होती, 1944 मध्ये ऐन युद्धात व्रतं सोडून बाहेर पडली आणि लगेच जखमींच्या सेवेला लागली, पुढे अमेरिकेतही नर्सच राहिली. तिच्या हातात कला होती म्हणून ती उभी राहू शकली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींकडे ती आधीच आहे, त्यांना वाटतं ती संस्थेची होती. नाही, ती तुमची आहे.

वॉर्डात आल्यावर अडचण होते ती आपल्याच सवयीची. आपल्याला नाही म्हणायची सवय नसते, डबल ड्युटी दिली की करतो, पगार विचारायला जीभ रेटत नाही, आणि मॅनेजमेंटला हे दोन दिवसात कळतं. म्हणून आकडे माहीत असू द्या. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये शिफारस केली होती की 50 पेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना 20,000 च्या खाली देऊ नये आणि 200 च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. ही शिफारस आहे, सगळे पाळत नाहीत, पण इंटरव्ह्यूला बोलताना आधार होतो. मधली वर्षं कुठे होता विचारलं तर सरळ सांगा, मी धर्मभगिनी होते, तिथे हे हे काम केलं. सोडलं का याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

आणि ख्रिसमसची नाईट! तुम्ही कुरकुर करणार नाही म्हणून तुम्हालाच लावतील. डिसेंबरचं रोस्टर बनायच्या आधीच इन्चार्जकडे लेखी अर्ज द्या, बदल्यात दिवाळीची नाईट स्वतःहून घ्या, शक्यतो ऐकतात.