हेडफोन लावला की वाय-फाय अडकतं? आधी अँटेना मोजा

ब्ल्यूटूथ हेडफोन लावून मीटिंगला बसलं की नेट अडकतं आणि हेडफोन बंद केला की धावायला लागतं, असं होत असेल तर नेटवाल्याला फोन करू नका आणि नवा हेडफोनही घेऊ नका. गोव्यातल्या साखळी गावात मी लॅपटॉप दुरुस्त करते. ही तक्रार आली की मी मागचं झाकण उघडते आणि वाय-फाय कार्डाला लागलेल्या बारीक वायरी मोजते. वाय-फाय आणि ब्ल्यूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात. दोन वायरी म्हणजे दोन अँटेना. स्वस्तातल्या पुष्कळ लॅपटॉपांत एकच निघते.

झाकण उघडायचं नसेल तर ही चाचणी करा. राउटरच्याच खोलीत बसा. कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा. बाहेरच्या साइटवर नको, त्यात लाइनचा दोष मिसळतो. आधी हेडफोन बंद ठेवून आकडे बघा, मग गाणं लावून बघा. शेवटी व्हॉइस रेकॉर्डरमध्ये हेडफोनचा माइक निवडून रेकॉर्डिंग सुरू करा. आवाज एकदम चपटा झाला की हेडफोन कॉलच्या मोडमध्ये गेला असं समजा. दोन-तीन मिलिसेकंदांवर असलेलं पिंग आता शंभराच्या वर उड्या मारत असेल, मधे मधे गळत असेल, तर संशय अँटेनावर.

राउटरचा चॅनल बदला, असं कुणीतरी सांगतंच. वाय-फाय आणि ब्ल्यूटूथ दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत हे खरं. चॅनल म्हणजे त्या पट्ट्याचा एक छोटा भाग. क्लासिक ब्ल्यूटूथ तिथल्या ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून वाय-फायने गजबजलेले चॅनल टाळायलाही शिकलं आहे. शेजाऱ्याचं वाय-फाय त्रास देत असेल तर चॅनलचा उपाय बरोबर. पण अँटेना एकच असली की भांडण जागेचं नसतं, वेळेचं असतं. रायबंदर-चोडणला एकच फेरीबोट ठेवली तर काठावर गाड्यांच्या कितीही वेगळ्या रांगा करा, बोट पलीकडे असेपर्यंत सगळ्याच थांबणार. तसंच इथे. ब्ल्यूटूथची पाळी चालू असताना वाय-फाय चॅनल १ वर असो की ११ वर, त्याला अँटेना मिळत नाही.

गाण्यापेक्षा कॉल जास्त का छळतो? गाण्याचा डेटा हेडफोनमध्ये थोडा साठवता येतो, पाळी जरा मागेपुढे झाली तरी चालतं. कॉलचा आवाज साठवून भागत नाही. ब्ल्यूटूथची एक खेप ६२५ मायक्रोसेकंदांची. कॉलमध्ये साधारणपणे दर सहा खेपांतल्या निदान दोन राखीव असतात. म्हणजे दर ३.७५ मिलिसेकंदांनी अँटेना वाय-फायच्या हातून जाते. वाय-फायचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, अर्ध्यात तुटतं. सिग्नल कमजोर आहे असं समजून वाय-फाय वेग उतरवतं, उतरलेल्या वेगाने तेच पॅकेट हवेत जास्त वेळ राहतं, आणि पुढच्या राखीव खेपेत पुन्हा सापडतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: मीटिंगच्या अॅपमध्ये आवाज हेडफोनवर ठेवा आणि माइक लॅपटॉपचा निवडा. हेडफोन गाण्याच्या मोडमध्ये राहतो. एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम भागतं. घरात कुत्रा भुंकत असेल तर मात्र नाही.

दुसरा उपाय, वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५) बहुतेक कार्डांत अँटेना एक असली तरी फिल्टर दोन्ही पट्टे वेगळे करतो आणि दोघांचं काम एकाच वेळी चालतं. विंडोजमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नेटवर्क बँड’ दिसतो, तिथे खात्री करा. कार्ड फक्त बी/जी/एनवालं, म्हणजे नुसतं २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर हा रस्ता बंद. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंती ५ गिगाहर्ट्झला सोसत नाहीत. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही मागच्या खोलीत असाल तर सरळ लॅन केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचं लॅन अॅडाप्टर मिळतं. मला विचाराल तर हाच उपाय सर्वांत खात्रीचा.

ब्ल्यूटूथचा वेगळा डोंगल (यूएसबीत खुपसायचा छोटा तुकडा) लावायचा असेल तर आतलं ब्ल्यूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टाशेजारी खुपसू नका, त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. हातभर एक्स्टेंशनवर दूर ठेवा. आता अँटेना दोन झाल्या, तेव्हा चॅनलचा सल्लाही उपयोगी पडतो: राउटर १, ६ किंवा ११ वर आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केलीत तर ब्ल्यूटूथला उडी मारायला जेमतेम निम्मी जागा उरते.

दोन अँटेनांचं कार्ड विकत आणून बसवणाऱ्यांनी आधी बघावं, लॅपटॉपमध्ये दुसरी वायर आहे का. नसेल तर स्क्रीनची चौकट उघडून ती वर न्यावी लागते, आणि मजुरी कार्डाच्या किमतीला गाठते. किनाऱ्याकडच्या लॅपटॉपांत कनेक्टरवर हिरवा गंज चढलेला असतो, तो आधी साफ करा. कनेक्टर नखाने सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका.