कॉकाटीलचं खाणं बदलायचंय? आधी काटा आणा

बाजरी-राळ्याच्या पुडीवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या छोट्या गोळ्या) आणि भाजीवर आणायचं ठरवलं असेल, तर पहिली खरेदी पेलेटची नाही, काट्याची. स्वयंपाकघरात मैदा-साखर मोजायला वापरतात तो साधा डिजिटल काटा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा. मागे मी खाणं बदललं तेव्हा माझ्या खरेदीच्या यादीत बाकी सगळं होतं आणि नेमका हाच नव्हता. पक्षी वाळून छातीचं हाड हाताला लागेपर्यंत काही कळलंच नाही. म्हणून आधी काटा, मग पुढचं वाचा.

हे सगळं कॉकाटीलसाठी, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या परदेशी पोपटासाठी आहे. गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) बसत नाही. आजोबांकडे होता म्हणून तुम्हालाही चालेल, असं नाही. तो विषय संपला.

काटा आला की लगेच खाणं बदलू नका. आधी आठवडाभर, जुनंच खाणं चालू असताना, रोज सकाळी वजन घ्या. सकाळची पहिली मोठी शी झाल्यावर, काही खायच्या आधी. काट्यावर एक छोटी दांडी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग पक्ष्याला वर चढवायचं. पहिले दोन दिवस तो काट्याचं बटण कुरतडेल, कुरतडू दे. आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा, दुधाच्या हिशोबाशेजारी. मोबाइलमध्ये लिहिलेला आकडा पुन्हा कोणी बघत नाही. पूर्ण वाढलेला कॉकाटील साधारण ८० ते १२० ग्रॅमचा असतो, पण तुमच्या पक्ष्याचं नेहमीचं वजन किती, ते तुम्हालाच माहीत हवं. ९० ग्रॅमचा पक्षी ८१ वर आला म्हणजे दहावा हिस्सा गेला. तिथे थांबायचं, जुने दाणे परत द्यायचे आणि डॉक्टर गाठायचा. ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

डोळ्यांनी का कळत नाही? एक तर पिसं. आतलं अंग वाळलं तरी बाहेरून पक्षी तसाच गुबगुबीत दिसतो. दुसरं म्हणजे पेलेट हे खाणं आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. तो वाटीत चोच घालतो, पेलेट फोडतो, भुगा करून खाली पाडतो, आणि आपण खूश, की खातोय! खात नसतो. शिवाय दाण्याची वाटी कायम भरलेली दिसते, कारण वर टरफलं असतात. वाटीवर फुंकर मारून बघा, खाली चार दाणे निघतील. पिंजऱ्याच्या तळाशी साधा कागद घाला आणि शी मोजा. ती एकदम कमी झाली, गडद हिरवी-काळपट झाली, तर पोटात काही जात नाहीये. पण त्याच्याही आधी वजन सांगतं. काटा!

आता खाणं. नुसते दाणे का नकोत, तर त्यात, विशेषतः सूर्यफुलाच्या बियांत, चरबी फार, आणि अ जीवनसत्त्व व कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पक्षी त्यातही निवडून खातो, सूर्यफूल आधी. दाणे बंद करायचे नाहीत, कमी करायचे. निम्म्याहून जास्त पेलेट, पाव हिस्सा भाजी, बाकी दाणे, इथवर पोचायला महिना-दोन महिने लागले तरी हरकत नाही. सकाळी भूक असते तेव्हा पेलेट आणि भाजी, दाणे संध्याकाळी मोजून. पेलेट कुटून दाण्यांत मिसळा, थोडं ओलं करून बघा, त्याच्यासमोर स्वतः खाल्ल्याचं नाटक करा. हसू नका, कळपातला पक्षी आहे, दुसरा खातोय ते बघून खातो. पिल्लू, आजारी किंवा पिसं गाळणारा पक्षी असेल तर हा उद्योग आत्ता नको. आणि हे महिनाभर चालू असताना रोज सकाळी काय करायचं? वजन.

भाजीत रंग बघा. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, लाल ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी. कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याच्या वरून उलटी टांगा, आधी त्यात अंघोळ होईल, मग एकेक पान कुरतडलं जाईल. पालक कधीतरीच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही. मोड आलेले मूग-मटकी उत्तम, पण वास आला की फेकायचे. राजमा पूर्ण शिजवल्याशिवाय नाही. फळ बोटाच्या पेराएवढं, सफरचंदाच्या बिया काढून. चिरलेलं ओलं खाणं उन्हाळ्यात दोन तासांनी उचला.

कॅल्शियमसाठी म्हाकुलाचं हाड, दुकानात समुद्रफेस म्हणून मिळतं. मादी असेल तर ते हवंच. नर नसतानाही ती अंडी घालते आणि कॅल्शियम कमी पडलं तर अंडं अडकतं. नुसतं हाड टांगून भागत नाही, ते कॅल्शियम अंगी लागायला ऊनही हवं, आणि काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. सकाळी पिंजरा गॅलरीत, अर्ध्या भागावर सावली, आणि मांजर-कावळ्यांवर लक्ष. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब आणू नका. पाणी लवकर खराब होतं, चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, आणि पेलेटमध्ये व्हिटॅमिन असतातच.

बंद म्हणजे बंद: ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, दारू, चिवडा-फरसाण. चहात बुडवलेलं बिस्किटही. ‘एवढंसं काय होतंय’ म्हणणारे पाहुणे असतात, त्यांना म्हणावं, ९० ग्रॅमच्या जिवाला एवढंसं फार होतं. पावसाळ्यात शेंगदाणे आणि मका नकोच, दमटपणात बुरशी धरते आणि ती दिसेलच असं नाही. खाण्याचा विषय नाही, तरी सांगते: नॉनस्टिक तवा रिकामा तापला की निघणाऱ्या धुरानं पक्षी मरतो, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका.

पाणी दोनदा बदला, वाटी दांडीच्या खाली नको. पेलेट छोट्या पुडीतच घ्या. गावाला जाताना शेजाऱ्यांना खाण्याबरोबर काटाही द्या, आणि काट्यावर चढवायचं कसं ते दाखवून जा. पक्षी बघणारा डॉक्टर आधीच शोधून नंबर भिंतीवर लावा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, आणि ते रविवारी रात्री कळून उपयोग नाही.