जुन्या गाडीचं खरं वजन भुईकाट्यावर कसं काढावं

फियाट घरी असलेल्या माणसाला तिचं वजन विचारा, तो ‘८९५ किलो’ म्हणतो. पुस्तकात तसं छापलेलं असतं. पण तुमच्या दारात उभी असलेली गाडी म्हणजे पुस्तकातली गाडी नव्हे. चाळीस-पन्नास वर्षांत तिच्या तळाला पत्र्याचे तुकडे वेल्ड झालेत, दारांवर पुट्टीचे थर चढलेत, बाजारात मिळाली ती सीट बसली आहे, जाड बंपर आलाय. कित्येक अॅम्बेसेडरांमध्ये मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं, आणि त्याने पुढचा भार चांगलाच वाढतो. स्प्रिंग निवडायच्या असोत, टायर घ्यायचे असोत, गाडी ट्रेलरवर टाकून कसारा घाटातून न्यायची असो, लागतो तो आजचा आकडा. तो भुईकाट्यावरच, म्हणजे भरलेले ट्रक मोजणाऱ्या मोठ्या काट्यावरच मिळतो.

दोन चुकीचे सल्ले आधीच बाजूला ठेवू. पहिला, टायरमधली हवा गुणिले जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ. कागदावर हे हुशारीचं वाटतं. पण टायरची बाजूची भिंत स्वतःही भार पेलते, नक्षीच्या खाचा जमिनीला लागतच नाहीत, आणि टेकलेल्या भागात दाब सगळीकडे सारखा नसतो. यातून येणारा आकडा कशालाही वापरू नका. दुसरा, चार चाकांखाली घरातले चार वजनकाटे ठेवा. हे काटे साधारण दीडशे-एकशेऐंशी किलोपर्यंतच्या माणसासाठी बनवलेले असतात, आणि फियाटच्या एकेका चाकावर दोनशे किलोच्या वर भार असतो. काटा फुटतो, गाडी एका कोपऱ्यात खाली बसते, आणि शेजारी कुणी वाकलेलं असेल तर इजा होते. हे कुणीही करू नये.

नाशिककरांना या कामात अडचण यायचं कारणच नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड मोजणारे भुईकाटे आहेत. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतकडे कांद्याच्या व्यवहाराचा सगळा हिशेबच काट्यावर चालतो. भरलेला ट्रॅक्टर एकदा, रिकामा एकदा, वजाबाकी म्हणजे माल. हंगामात तिथे सकाळी लांबलचक रांग असते. रांगेत घुसून ‘भाऊ, जरा चार वेळा मोजायचंय’ म्हणू नका. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, काटेवाल्याला आधी सगळं समजावून सांगा, आणि जितक्या वेळा काटा कराल तितक्या वेळचे पैसे द्या. माणूस मनापासून मदत करतो.

काटा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. वैधमापन विभागाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का चालू मुदतीचा हवा. भुईकाट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते, आणि प्रमाणपत्र केबिनमध्ये लावलेलं असतं. दुसरं, काटा किती किलोच्या टप्प्याने दाखवतो ते विचारा. बऱ्याच मोठ्या काट्यांवर तो टप्पा १० किलोचा असतो, काहींवर ५ चा. पाचचा मिळाला तर तोच घ्या. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. प्लॅटफॉर्म जमिनीच्या पातळीत, खड्ड्यात बसवलेला हवा. वर उचललेला, दोन्ही टोकांना चढ असलेला काटा एकूण वजनाला ठीक आहे, पण पुढचा-मागचा भार वेगळा काढायला तो निरुपयोगी.

गाडीची तयारी तुम्हाला ठाऊक आहे. डिकी रिकामी करा, पण स्टेपनी, जॅक आणि पाने आत राहू द्या. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात गाडीसोबत नेहमी वापरलं जाणारं सगळं साहित्य धरतात, चालक धरत नाहीत. टाकी पूर्ण भरा. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा भरवशाचा नसतो. अर्धी टाकी म्हणजे नक्की किती लिटर, हे कुणी सांगू शकत नाही. भरलेली टाकी मात्र पुढच्या वेळीही तेवढीच भरलेली असेल. पावसाळ्यात आणलीत तर मडगार्डच्या आतला चिखल आधी धुवा. नाशिकची काळी माती ओली असताना किलो-किलोने चिकटते.

आता खरं अवघड काम. दहा किलोच्या टप्प्याचा काटा नऊशेच्या आसपासच्या गाडीला समजा ८९० दाखवतो. याचा अर्थ गाडी ८८५ ते ८९५ मध्ये कुठेतरी आहे. बहुतेक लोक इथेच पावती घेऊन घरी जातात. पुढचा अॅक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांची जोडी, वेगळा मोजला की त्यातही तेवढीच ढील, मागच्यातही तेवढीच, आणि मग पुढचे अधिक मागचे ही बेरीज एकूण वजनाशी जुळत नाही. मीही सुरुवातीला या न जुळणाऱ्या बेरजेशी बराच काळ झगडलो. उपाय साधा निघाला, पण तो क्रम सोडून केला तर काहीच हाती लागत नाही.

ओळखीच्या भुसार दुकानदाराकडून शिक्क्याची लोखंडी वजनं घ्या. वीस किलोची दोन, दहा किलोचं एक, आणि एकेक किलोची दहा. काटा रिकामा असताना काटेवाल्याला शून्य करायला सांगा. लगेच प्लॅटफॉर्मच्या कडेला ५० किलो ठेवा, आणि ते सगळं काम संपेपर्यंत हलवू नका. यामागचं कारण समजून घ्या, कारण बहुतेकांना हेच ठाऊक नसतं. रिकामा काटा स्वतःचं शून्य सतत दुरुस्त करत राहतो. पाऊस, धूळ, कांद्याची पात प्लॅटफॉर्मवर पडली तर आकडा सरकू नये म्हणून ती सोय असते. रिकाम्या काट्यावर तुम्ही एकेक किलो ठेवत गेलात तर काटा ते वजन शून्यातच जिरवून टाकतो. पन्नास किलो ठेवले की ही सोय थांबते आणि शून्य जागच्या जागी गोठतं.

काटा ५० दाखवतोय. आता एकेक किलो वाढवा आणि आकड्याकडे बघा. काटा जवळच्या दहाला आकडा नेतो, म्हणून बरोबर मध्यावर, म्हणजे ५५ वर तो ६० कडे उडी मारायला हवा. पाचवा किलो ठेवल्यावर उडी आली तर शून्य बरोबर आहे. सातव्या किलोला आली तर काटा दोन किलो कमी दाखवतोय, शेवटच्या आकड्यात दोन मिळवायचे. तिसऱ्यालाच आली तर दोन वजा. हे कागदावर लिहा आणि एकेक किलोची वजनं उचलून घ्या. पन्नास तिथेच.

गाडी हळू आणून प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभी करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे, आणि सगळे खाली. हँडब्रेकबाबत मी आग्रही आहे. जोरात ब्रेक मारून उभी केलेली गाडी प्लॅटफॉर्मला आडवा रेटा देते. प्लॅटफॉर्म सरकून कडेच्या चौकटीला टेकला की थोडा भार चौकट उचलते आणि काटा कमी दाखवतो. त्याच कारणासाठी चौकट आणि प्लॅटफॉर्ममधली फट आधी बघून घ्या. कांद्याची साल, उसाचं पाचट, खडी अडकलेली असेल तर काटेवाल्याकडून साफ करून घ्या. संकोच करू नका. खडीचा एक तुकडासुद्धा तुमची दुपार फुकट घालवू शकतो.

समजा काटा ९४० दाखवतोय. त्यात पन्नास तुमचे, गाडी ८९० च्या आसपास. आता परत एकेक किलो ठेवा, गाडीत नव्हे, प्लॅटफॉर्मवर, आणि दर वेळी आकडा स्थिर होऊ द्या. दोन किलोपर्यंत ९४० च राहिला आणि तिसऱ्या किलोला ९५० झाला, तर ९४५ ची रेषा दोन आणि तीन किलोंच्या मध्ये ओलांडली गेली. म्हणजे गाडीचं वजन ८९२ ते ८९३ च्या दरम्यान. शून्याचा फरक निघाला असेल तर तो इथे धरा. दहा किलोच्या काट्यावर तुम्ही एक किलोपर्यंत पोचलात.

काटा मुळातच काही किलो जास्त किंवा कमी दाखवत असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. दहा किलोच्या टप्प्याच्या काट्याला या वजनाच्या आसपास पडताळणीच्या वेळी पाच किलोची, आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट सूट असते. म्हणून नेमकं हवं असेल तर दुसऱ्या काट्यावर हाच सगळा क्रम परत करा. पुढचा आणि मागचा भार मात्र एकाच काट्यावर, एकाच दिवशी काढा. सकाळचा अर्धा आकडा सातपूरचा आणि दुपारचा अर्धा पिंपळगावचा, अशी बेरीज करू नका.

आता गाडी पुढे ढकला, पुढची चाकं प्लॅटफॉर्मवरून उतरून जमिनीवर येईपर्यंत. काट्यावर राहिलेला भार मागचा. मग मागे आणून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. तो पुढचा. दोन्ही वेळा उडीची तीच पद्धत. इंजिन चालू करून नेण्यापेक्षा दोघांनी ढकलणं चांगलं, गाडी हवी तिथे थांबते. अॅक्सल प्लॅटफॉर्मच्या अगदी कडेवर ठेवू नका, दोन-तीन फूट आत घ्या.

बेरीज एकूण वजनाशी दोन-तीन किलोंत जुळली तर काम झालं. नाही जुळली तर बेरजेवरूनच कारण कळतं, आणि हे मला कुठे लिहिलेलं मिळालं नाही. बेरीज एकूण वजनापेक्षा जास्त आली तर प्लॅटफॉर्म बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आहे. उतारावर खालच्या अॅक्सलवर भार जास्त येतो, आणि दोन्ही वेळा खालचा अॅक्सल काट्यावरचाच असतो. बेरीज कमी आली तर प्लॅटफॉर्म वर आहे. फियाटचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २३४ सेंटीमीटर. पातळीत पाच सेंटीमीटरचा फरक असेल तर एकेका मोजणीत चार-पाच किलोंची चूक येते, आणि बेरजेत ती दुप्पट होते. दोन्ही मोजण्यांतली चूक जवळपास सारखीच असते, त्यामुळे बेरजेतला फरक निम्मा निम्मा करा, बेरीज जास्त असेल तर दोन्हींतून वजा करा, कमी असेल तर दोन्हींत मिळवा. फरक वीस किलोंच्या पुढे गेला तर हिशेब करत बसू नका, काटा बदला.

इथे मेकॅनिक मंडळी हमखास सांगतात की आधी गाडी हलवून स्प्रिंग बसू द्या. चारही चाकांचा भार स्वतंत्र मोजताना ते खरं आहे. जुन्या पाट्याच्या स्प्रिंगा गंजून एकमेकींना धरतात आणि डाव्या-उजव्या चाकांवरची वाटणी बदलते. पुढच्या-मागच्या वाटणीला स्प्रिंगांचा संबंध जवळजवळ नाही. ती ठरते गाडीचा गुरुत्वमध्य कुठे आहे यावर.

तो गुरुत्वमध्यही आता काढता येतो. मागचा भार भागिले एकूण वजन, गुणिले व्हीलबेस. समजा पुढे ४७० आणि मागे ४२५ निघाले. ४२५ भागिले ८९५, गुणिले २३४, म्हणजे पुढच्या अॅक्सलच्या मागे साधारण १११ सेंटीमीटर. ट्रेलरवर गाडी किती पुढे-मागे उभी करायची ते या आकड्यावर ठरवा, ड्रायव्हरच्या अंदाजावर सोडू नका. भार ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेला तर घाटात ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि तो सावरणं फार कठीण असतं.

पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करायची असेल तर पुस्तक कुठलं वजन सांगतंय ते बघा. काही ठिकाणी कोरडं वजन दिलेलं असतं, पेट्रोल, पाणी, ऑइल सोडून. पेट्रोल लिटरला साधारण ०.७४ किलो, इंजिन ऑइल ०.८८, पाणी एक. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलोंच्या जवळ. एवढं वजा न करता ‘माझी गाडी जड झाली’ म्हणून पत्रा कापायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. हे वजा केल्यावरही पन्नास-साठ किलो उरले तर ते पुट्टीत, वेल्डिंगमध्ये किंवा बदललेल्या इंजिनात आहेत. दारांवरून लोहचुंबक फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे. इंजिन बदललेलं असेल आणि आरसी बुकात त्याची नोंद नसेल, तर वजनाआधी तो प्रश्न आरटीओत सोडवा. असा बदल परवानगीशिवाय कायद्यात बसत नाही.

पावतीच्या मागे त्याच दिवशी सगळं लिहून ठेवा. टाकी भरलेली होती, स्टेपनी आत होती, कुठली सीट होती, कुठले टायर होते, शून्याचा फरक किती निघाला. छापील पावतीवर ९४० दिसेल, तेव्हा ५० किलो तुमचे होते हेही लिहा. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून फोटो काढा किंवा वहीत उतरवा.

गाडी सुटी करून ठेवलेली असेल तर बॉडी आणि चाकं टेम्पोत घालून न्या. आधी रिकामा टेम्पो, मग भरलेला, त्याच काट्यावर, मध्ये डिझेल न भरता, ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली. एकटं इंजिन किंवा गिअरबॉक्स भुईकाट्यावर ठेवू नका. १० किलोच्या टप्प्याच्या काट्यावर २०० किलोच्या खालचा आकडा धरायचा नसतो. इंजिन साखळीच्या चेनपुलीला टांगतानाच मध्ये हुकाचा डिजिटल काटा अडकवा, आणि काटा किती किलोपर्यंतचा आहे ते वाचूनच इंजिन उचला.