आइसलंडची गावरान कोंबडी आणण्याआधी

सगळ्यात आधी गावच्या कचेरीत जाऊन विचारा, कोंबडा ठेवायला परवानगी आहे का. अमेरिका-कॅनडात बऱ्याच ठिकाणी घरामागे चार कोंबड्या चालतात, पण आरवणारा कोंबडा चालत नाही. मिनेसोटा-मॅनिटोबाकडच्या थंडीत राहणारी आपली काही मंडळी हल्ली या जातीची चौकशी करतात, म्हणून हे आधीच सांगते. नुसती अंडी हवी असतील तर याहून जास्त अंडी देणाऱ्या कितीतरी जाती हॅचरीत मिळतात, त्या घ्या. ही कोंबडी आणायची ती वंश पुढे न्यायला, आणि कोंबड्याशिवाय ते होणार नाही.

नवव्या-दहाव्या शतकात नॉर्स वसाहतकऱ्यांबरोबर ही कोंबडी आइसलंडला पोचली आणि हजारभर वर्षे तिथल्या वाऱ्यापावसात, शेतावर मिळेल ते टिपून जगली. विसाव्या शतकात जास्त अंडी देणाऱ्या परदेशी जाती आल्या, संकर झाला आणि अस्सल गावरान थोड्याच शेतांवर उरली. १९७०च्या दशकात स्तेफान आदालस्टाइनसन या शास्त्रज्ञाने उरलेले पक्षी शोधून गोळा केले, म्हणून ती वाचली. गिरिराज-वनराज या सुधारित जाती दारोदार पोचल्यावर आपल्या गावरान कोंबडीत किती मिसळ झाली ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको.

तेव्हा पक्षी कुठून घ्यायचे, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. या जातीला ठराविक रंगरूप नाही. एकाच कळपात काळी, पांढरी, तांबडी, ठिपक्यांची अशी सगळी दिसतात. कुणाचा तुरा एकेरी, कुणाचा गुलाबासारखा चपटा, कुणाच्या डोक्यावर पिसांची शेंडी. त्यामुळे नुसत्या रूपावरून अस्सलपणाची खात्री करता येत नाही, वंशावळच विचारावी लागते. मूळ पक्षी कोणत्या आयातीतले, कळपात दुसरी जात कधी होती का, कोंबडे किती, हे सगळे विचारा. अंडे पांढरे ते फिकट बदामी असते. कुणी निळ्या-हिरव्या किंवा गडद तपकिरी अंड्याच्या कोंबड्या आइसलंडी म्हणून देऊ लागला, तर नमस्कार करून परत या. शक्यतो दोन वेगळ्या पाळणाऱ्यांकडून दोन वेगळ्या वंशरेषा घ्या.

किती पक्षी घ्यायचे, याचा हिशेब कागदावर मांडा. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या म्हणजे अकरा पक्षी खरे, पण आनुवंशिक दृष्टीने ती संख्या साडेतीनच्या आसपासच भरते. नर-मादी संख्यांच्या गुणाकाराची चौपट घ्या आणि त्याला एकूण पक्ष्यांनी भागा, की हा आकडा मिळतो. दर पिढीला वैविध्याचा जवळजवळ सातवा हिस्सा गळून जातो. तेच तीन कोंबडे आणि नऊ कोंबड्या ठेवल्या तर आकडा नऊवर जातो आणि गळती अठराव्या हिश्श्यावर येते. म्हणून तीन कप्पे करा, दर कप्प्यात एक कोंबडा आणि तीन कोंबड्या. पिल्लांमधल्या माद्या आईच्या कप्प्यात ठेवा, नर दर वर्षी पुढच्या कप्प्यात सरकवा. पायात रंगीत कड्या घाला आणि वही ठेवा. आवडत्या रंगाचेच पक्षी पुढे ठेवण्याचा मोह मात्र आवरा. तसे केले तर काही वर्षांत हातात एक सुबक एकरंगी जात उरेल, आणि जे वाचवायला निघालो होतो तेच गेलेले असेल.

खुराडे जमीन गोठण्याआधी उभे राहायला हवे. धडधाकट मोठ्या पक्ष्यांना हीटर लागत नाही. उष्णतेच्या दिव्यांनी दरवर्षी खुराडी जळतात, ते लावू नका. थंडीइतकीच घातक ओल असते. रात्रभराच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडली की तुऱ्याला हिमदंश होतो, आणि एकेरी मोठ्या तुऱ्याचे कोंबडे त्यात आधी सापडतात. हवा जायच्या फटी दांडीच्या वर, छपराखाली ठेवा, म्हणजे ओल निघून जाईल आणि झोत अंगावर येणार नाही. बसायची दांडी गोल नको, तीन-साडेतीन इंच रुंद आणि सपाट हवी, म्हणजे बसल्यावर बोटे पिसांखाली झाकली जातात. खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर ठेवा. सकाळी दार उघडल्यावर नाकाला अमोनिया झोंबला, तर फटी कमी पडताहेत. दर पक्ष्यामागे चार चौरस फूट हे सर्रास सांगितले जाणारे माप इथे पुरत नाही. हे पक्षी सतत हिंडणारे आहेत, महिनोन्‌महिने बर्फात कोंडले की एकमेकांची पिसे उपटतात. शिवाय ते चांगले उडतात आणि झाडावर झोपायला जातात, म्हणून अंगणाला वरूनही जाळी हवी.

षटकोनी जाळीने कोंबडी आत राहते, पण रकूनसारखा शिकारी प्राणी बाहेर राहत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि तळाला फूटभर जमिनीत पुरा. वीझल हा मुंगसासारखा बारीक प्राणी तर इंचभर भोकातूनही शिरतो.

पाणी न गोठू देणारे भांडे ऑक्टोबरातच आणून चालवून बघा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, नरांना आणि पिल्लांना अंडी देणाऱ्या माद्यांइतके कॅल्शियम चालत नाही.

नवे पक्षी तीस दिवस वेगळे ठेवा, त्यांच्याकडे जाताना घालायचे बूटही वेगळे. अमेरिकेत घेत असाल तर विकणाऱ्याचा कळप एनपीआयपी या सरकारी रोगतपासणी योजनेखाली तपासलेला आहे का ते बघा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय झाले ते आपण पाहिले आहे. २०२१च्या अखेरीपासून तो उत्तर अमेरिकेतही ठाण मांडून आहे. रानबदकांची विष्ठा जिथे पडते ते तळे आणि आपले अंगण यांत अंतर हवे.

जोड्या लावायच्या आधी जुन्या कोंबड्यापासून माद्या तीन-चार आठवडे दूर ठेवा, कारण आधीच्या संगाचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. अंडी निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवा आणि आठवड्याभरात उबवायला लावा. टपालाने आलेली अंडी आधी एक दिवस स्थिर राहू द्या. पंख्याचे उबवणी यंत्र असेल तर ३७.५ अंश, अठरा दिवस फिरवणे, मग थांबवून ओलावा वाढवणे, आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले. पण या जातीच्या कोंबड्या मनापासून खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात. एखादी खुडूक बसली तर रवण तिच्याखालीच घाला. आईमागे वाढलेली पिल्ले टिपायला आणि लपायला लवकर शिकतात, आणि हा गुणही वंशाबरोबर पुढे जायला हवा.

निम्मी पिल्ले नर निघतील. त्यांचे काय करायचे हे अंडी लावण्यापूर्वीच घरात बसून ठरवा: कापायचे, की दुसऱ्या कळपाला द्यायचे. फुकट न्यायला कुणी येईल या भरवशावर राहू नका. आणि पहिल्याच हंगामात, दुसऱ्या काउंटीत राहणाऱ्या कुणाला तरी डझनभर पिल्ले देण्याचे कबूल करून ठेवा. एका रात्रीत रोग आला किंवा कोल्हा शिरला, तर तुमची वंशरेषा त्यांच्याकडून परत मागता येईल.