टायमर चालू कुणीही करतं, खरी गोची बंद करताना आहे

टू-डू ॲपमध्ये कामाचा वेळ कसा मोजायचा असं विचारलं की सगळे एकच सांगतात, बटण दाबा, काम करा, परत बटण दाबा, झालं. असं सांगणाऱ्याचं स्वतःचं दुकान नसणार हे नक्की. माझं बेळगावात शहापूरला डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, पाट्या, मराठी कन्नड इंग्लिश तिन्ही, आणि दर पाच मिनिटाला काउंटरवर कोणीतरी उभं असतं. तीन वर्षं वेळ मोजतोय, त्यातले पहिले दोन महिने निव्वळ कचरा गोळा केला. त्यात जे चुकलं तेच जास्त सांगतो, बाकीचं तुम्हाला येतंच.

ॲप

गुगल टास्क्स आणि मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये टायमरच नाही, शोधत बसू नका. टूडुइस्ट वापरत असाल तर घड्याळासाठी टॉगल ट्रॅक सारखं दुसरं ॲप जोडीला घ्यावं लागतं, म्हणजे मोबाईलवर दोन ॲप सांभाळायची, ते माझ्याच्यानं झालं नाही. मी टिकटिक वापरतो (टिकटॉक नव्हे हो, ते २०२० पासून आपल्याकडे बंद आहे, तरी प्रत्येकजण तेच विचारतो). त्यात घड्याळ आतच आहे. सेटिंग्जमध्ये टॅब बार, तिथून फोकस चालू करा, खाली नवं चिन्ह दिसेल.

आत दोन प्रकार मिळतात, पोमो आणि स्टॉपवॉच. पोमो म्हणजे ती २५ मिनिटांची पद्धत, इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून सुरू केलेली. अभ्यास करणाऱ्या पोरांना झकास आहे. दुकानदाराला अजिबात नको, २५ मिनिटं सलग कोण बसू देतंय? स्टॉपवॉच घ्या, वर काम निवडा, सुरू करा.

कामाचे तुकडे

"पाटलांची पत्रिका" हे एक काम म्हणून टाकू नका. मजकूर टाईप, कन्नड प्रूफ, डिझाइन, दुरुस्त्या असे चार तुकडे करा. चारपेक्षा जास्त मात्र नको, नाहीतर काम करण्यापेक्षा याद्याच करत बसाल.

फोनची सेटिंग

अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागं चालणारी ॲप झोपवतो, त्यात टायमरही आला. ॲपचं चिन्ह दाबून धरा, ॲप इन्फो, बॅटरी, अनरिस्ट्रिक्टेड. अँड्रॉइड १३ किंवा त्याच्या पुढचा फोन असेल तर नोटिफिकेशनची परवानगीही द्या, आणि काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून वेगळं बटण असतं तेही चालू करा. हे एकदाच करायचंय.

आता बंद करणं

पहिल्या महिन्यातली गोष्ट. खानापूरच्या एका पार्टीची पत्रिका घेतली होती, कन्नड प्रूफ बघत होतो, टायमर चालू. मधे लाईट गेली, मग जेवायला घरी गेलो, मग दुसरंच काम निघालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला पोरगा फोन बघून म्हणतो, "मालक, रात्रभर प्रूफच बघूलालासा काय?" १९ तास ४० मिनिटं. एका पत्रिकेला.

यावर लोक काय सांगतात, तर नंतर आठवून आकडा दुरुस्त करा. करू नका. मी महिनाभर तेच केलं. प्रूफला पाऊण तास लागला असेल म्हणून ४५ मिनिटं लिहून मोकळा झालो, मग सहज व्हॉट्सॲप उघडून बघितलं तर गिऱ्हाईकानं मजकूर पाठवलेला ११ वाजून १० मिनिटांनी आणि मी प्रूफ परत पाठवलेलं १ वाजून २५ ला, आणि मधे मी जागचा हललेलो नव्हतो. सव्वादोन तास! आपल्याला काम पटकन येतं असं वाटत असतं ना, मग आठवणही तशीच निघते. म्हणून माझा नियम असा, की विसरलेली नोंद दुरुस्त करायची तर फक्त व्हॉट्सॲपच्या वेळा बघून, हातानं नोंद टाकायची सोय ॲपमध्ये आहेच, आणि तसा पुरावा नसेल तर ती नोंद सरळ उडवायची. रिकामी जागा परवडते, खोटा आकडा नाही.

विसरणं एकवेळ ठीक, त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे मधे मधे येणारी माणसं. "अण्णा, स्वल्प अर्जंट ऐत्री" (जरा घाई आहे) म्हणत एकजण आधारकार्डाची झेरॉक्स मागतो, त्याच्या मागं एक मावशी फॉर्म भरून द्या म्हणतात, तोवर फोन वाजतो. सुरुवातीला मी प्रत्येकासाठी टायमर बदलत होतो. एका दिवसात ४१ नोंदी झाल्या, निम्म्या एकेका मिनिटाच्या, डोकं फिरायची वेळ आली. मग उलटं केलं, काही झालं तरी पत्रिकेचा टायमर चालूच ठेवला, तर पत्रिकेच्या खात्यात झेरॉक्स, चहा आणि शेजारच्या सराफाशी गप्पा सगळं जमा.

शेवटी जे टिकलं ते हे. टायमर गिऱ्हाईकाला बांधायचा नाही, खुर्चीला बांधायचा. खुर्चीवरून उठलो की पॉज, परत बसलो की चालू. बसल्या जागेवरून हात लांब करून काम झालं तर टायमरला हातच लावायचा नाही, मग ती झेरॉक्स असो नाहीतर सुट्टे पैसे. काउंटरवर गेलेला वेळ मोजतच नाही, त्याचे पैसे तसेही कुणी वेगळे देत नाही.

आणि हे जमायला टायमर डोळ्यासमोर पाहिजे. खिशातल्या फोनमधला टायमर म्हणजे नसल्यासारखाच, शिवाय फोन आला की पडद्यावरून घड्याळ गायब. मी घरात पडून असलेला जुना फोन काढला, कोपऱ्यात काच फुटलेली, सिम नाही, दुकानाचं वायफाय, त्यात फक्त हे एक ॲप तेच खातं घालून. मॉनिटरच्या शेजारी स्टँडवर, चार्जरला लावलेला, पडदा चालू. उठताना आपोआप हात जातो. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी एवढं करा. जोडीला दीड वाजता आणि साडेआठला दोन अलार्म लावा, अलार्मचं नाव नुसतं "टायमर?" एवढंच. त्या १९ तासांसारखं परत झालेलं नाही.

आठवड्यानं बघणं

रोज आकडे बघू नका, वैताग येतो. रविवारी सकाळी दहा मिनिटं पुरतात. मला वाटायचं डिझाइन वेळ खातं. नाही. वेळ खात होता कन्नड मजकूर. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतं, आमच्या जुन्या फायली सगळ्या नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या, बदलून घेतलं की जोडाक्षरं मोडतात आणि मग एकेक हातानं बसवायचं, वर आडनाव कन्नडात कसं लिहायचं यावर मुलाकडच्या आणि मुलीकडच्या दोघांचे फोन. पाट्यांचंही तेच, २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, त्यामुळं जुनी फाईल उघडून नुसतं नाव बदलून भागत नाही, मांडणीच नव्यानं करावी लागते. पूर्वी मी दोन भाषांच्या पत्रिकेचे एका भाषेच्या पत्रिकेपेक्षा शंभर रुपयेच जास्त घ्यायचो, आता दुसऱ्या भाषेचा दर वेगळा लावलाय. कुरकुर करतात. मग जुना फोन उचलून दाखवतो.

एक राहिलं. दुकानातल्या पोराच्या कामाला टायमर लावायच्या भानगडीत पडू नका. मी चार दिवस लावला होता, पाचव्या दिवशी तो टपरीवर चहाला जाताना फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "मालक, पॉज करा की."