गळ्यातला पंखा घालून अजूनच गरम होते? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात तालुक्याच्या बाजारातून तो गळ्यात घालायचा चार्जिंगचा पंखा आणला अन् दुपारी घालून वावरात गेलो, तर काका म्हणे, "बाप्पा, चुलीची फुकणी गळ्यात घालून कायले फिरून रायला?" चुकीचं नव्हतंच ते. आपल्याकडं पारा 44-45 ला जाते, कातडीचं तापमान 35 च्या आसपास, म्हणजे पंखा मारते ती हवाच आपल्यापेक्षा गरम. 40 च्या वर पंखा उलटा अंग तापवतो हे डब्ल्यूएचओ पण सांगते.

म्हणून कोरडा पंखा वापरूच नका. शेला भिजवून घट्ट पिळायचा (टपकत राहिला तर पाणी मोटरमध्ये जाते), मानेवर टाकायचा अन् पंखा त्याच्यावर. आपली मे महिन्याची हवा कोरडी ठक्क, पाणी भरभर उडते अन् मान गारेगार. शेला वाळला की परत भिजवा. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र हे पाहिजे तसं चालत नाई.

बहुतेक लोक उलटं करतात, पंखा आत अन् दुपट्टा वरून गुंडाळलेला. हवा ओढायच्या जाळ्याच बंद! ज्याच्यात गार होणारी पट्टी असते त्याचं तर अजूनच वाईट, कारण पट्टी एका अंगानं गार होते तेव्हा दुसऱ्या अंगानं तापते, ती गरमी बाहेर गेली नाई की पट्टीच चटके देते. आणि पट्टीवाला असला तर मधात कापड नको, ती कातडीलाच लागली पाहिजे.

टेबलावरचा छोटा पाण्याचा कूलर दारं-खिडक्या लावून चालवू नका, अर्ध्या तासात नुसती चिपचिप. मोठ्या कूलरला खिडकी उघडी ठेवतो ना, तसंच. बोअरचं पाणी टाकलं की क्षारानं फवाऱ्याची भोकं बुजतात, आरओ कॅनचं टाका, बुजलीच तर निंबू पिळलेल्या पाण्यात भिजवून ठेवा.

बॅटरी उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. वावरातून आल्या आल्या तापलेला पंखा चार्जिंगलाही लावू नका, 45 डिग्रीच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायचीच नसते. माझ्या पहिल्या पंख्याचं झाकण असंच वर उचललं गेलं, आत बॅटरी पापडासारखी फुगलेली. अशी दिसली की दाबू नका, टोचू नका अन् चार्जिंग तर विसराच.

बाकी डोकं गरगरलं, माणूस बरळायला लागला तर पंखा काढा, सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता अन् 108 लावा.